खाजकुइली, कंपवात आणि रक्तवाहिन्या

परभणीच्या रानबांधावरील खाजकुइली गावकऱ्यांस शेंगेच्या लवेने सुटणाऱ्या खाजेमुळे परिचित आहे. वैद्य तिला कपिकच्छू म्हणतात. तिच्याच बियांतून 1937 मध्ये मद्रासला दामोदरन व रामस्वामी यांनी लेव्होडोपा वेगळा केला. कंपवाताशी त्याचा संबंध तेव्हा जोडला गेला नाही. रुग्णांच्या मेंदूतील डोपामिनचा तुटवडाच मुळी 1960 मध्ये उघड झाला. पुढील वर्षी व्हिएन्नात बिर्कमायर व होर्निकीविच यांनी लेव्होडोपा शिरेतून दिला, 1967 मध्ये कोट्झियास यांनी तो मोठ्या मात्रेत पोटात दिला, आणि 1978 मध्ये मुंबईच्या अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी खाजकुइलीच्या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बी घरचे, पण वाट व्हिएन्नावरून आली!

तथापि कंपवातासारखा दिसणारा प्रत्येक विकार या औषधास वश होत नाही. 1929 मध्येच लंडनच्या क्रिचली यांनी रक्तवाहिन्यांच्या काठिण्यातून उद्भवणारा असा विकार वर्णिला होता. त्यात रक्तपुरवठा तुटून मेंदूच्या खोल भागास इजा होते. हात फारसे कापत नाहीत, पाऊल मात्र अडखळते, आणि लेव्होडोपाचा गुण बहुधा थोडाच येतो. शिवाय उभे राहताना रक्तदाब उतरविण्याचा या औषधाचा दोष बियांच्या चूर्णालाही लागू पडतो. ते घेणाऱ्या वृद्धास भोवळ आल्यास निजलेल्या व उभ्या अशा दोन्ही स्थितींत रक्तदाब मोजणे अगत्याचे ठरते.