लोणारचा साबण

वऱ्हाड १५९६मध्ये मुघलांकडे आले आणि अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त त्याची नोंद झाली. अभ्यासक त्यातून महालांचे वसूल काढतात, किल्ले मोजतात. मी मात्र लोणारपाशी थांबतो. मेहकर सरकारातले हे ठिकाण ब्राह्मण विष्णुगया मानतात, असे तो आदराने लिहितो. लगेच पुढे सांगतो की, इथे काच आणि साबण करायला लागणारे सगळे जिन्नस मिळतात, सोऱ्यावरच्या करातून सरकारात चांगली रक्कम जमा होते. तीर्थ आणि महसूल एकाच दमात!

हा साबण सरोवराच्या खाराचा. उल्कापाताने काळ्या बेसॉल्टमध्ये पडलेले हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर. पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही. उन्हाळ्यात ते आटले की काठावर खार उरतो. त्याच्या प्रतींना पापडी, भुस्की, खप्पल, डल्ला अशी नावे होती.

पाण्याचा सामू १०च्या आसपास. त्यात टिकतात ते खास सूक्ष्मजीव. जून २०२०मध्ये सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पाणी घटून खारटपणा वाढल्याने खारप्रेमी 'हॅलोआर्किया' माजल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले.

अशा जिवांशी वैद्यकाचे काय काम? जिवाणू कॅथेटरवर, कृत्रिम सांध्यावर चिकट थर करून बसतात. याला बायोफिल्म म्हणतात. थराआडचे जंतू अँटिबायोटिकला सहजासहजी दाद देत नाहीत. माझ्या चाचीचा बदललेला गुडघा असाच चिघळला. महिनोन्महिने औषधे झाली, शेवटी सांधाच काढावा लागला. म्हणून जंतू मारण्याआधी त्यांचा थर मोडणारे, किंवा तो बसूच न देणारे द्रव्य शोधले जाते. अंटार्क्टिकाच्या थंड समुद्रातल्या 'स्यूडोअल्टेरोमोनास' जिवाणूपासून इटलीतल्या संशोधकांना पेंटाडेकॅनल हे संयुग मिळाले. इम्प्लांटवर हमखास बसणाऱ्या 'स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस'ला ते थर धरू देत नाही. हे सारे अजून प्रयोगशाळेतले आहे, दवाखान्यातले नाही.

लोणारच्या जिवाणूंतूनही बायोसर्फॅक्टंट मिळाली आहेत. म्हणजे जिवाणूंनी केलेला साबणच म्हणा ना. अशी द्रव्ये पृष्ठताण घटवतात, त्यामुळे चिकटलेल्यांची पकड सैल होऊ शकते. यावरून अबुल फजलला सगळे आधीच ठाऊक होते, असा मेसेज कृपा करून कुणी फिरवू नये. त्याला जिवाणू माहीत नव्हते. त्याला खार दिसला, त्याचा उपयोग दिसला, आणि त्याने तो नीट टिपला. इतिहासाला एवढे पुरे.

नोव्हेंबर २०२०मध्ये लोणारला रामसर दर्जा मिळाला. पण गावाचे सांडपाणी विवरात उतरत आले आहे. बाहेरचे गोडे पाणी जितके मिसळेल तितका खार पातळ होतो, आणि त्या खारावरच जगणाऱ्या जिवांची जागा साधे, कुठल्याही डबक्यातले जंतू घेऊ लागतात. त्यातले कितीतरी जीव अजून कुणी बशीत वाढवूनही पाहिलेले नाहीत.