लिहिण्याचा तास: मकबऱ्यापासून नागसेनवनापर्यंत

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला एक विषय असतो. विद्यापीठागणिक त्याचं नाव थोडंफार बदलतं, पण मुलं त्याला नुसतं 'कम्युनिकेशन' म्हणतात. गणितात मुलं नापास होतात, मेकॅनिक्समध्ये होतात, या विषयात सहसा कोणी होत नाही. त्यामुळे त्याची भीती नसते आणि किंमतही नसते. पंखा बिघडलेला आला म्हणून दुकानदाराला तक्रारीचं पत्र, नोकरीचा अर्ज, प्रदूषणावर दीडशे शब्द, असे नमुने इंग्रजीत पाठ करायचे, सीनिअरच्या फाईलवरून फाईल उतरवायची आणि तोंडी परीक्षेला स्वतःची ओळख चार वाक्यांत सांगायची. मराठी शाळेतून आलेल्या बहुतेक इंजिनिअरांची कॉलेजातल्या लेखनाशी ओळख होते ती इतकीच.

मी बदनापूरचा. जिल्हा परिषदेची शाळा, मग चाळीसेक किलोमीटरवरच्या तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, इंजिनिअरिंग. आमच्या वर्गाला हा विषय शिकवायला तासिका तत्त्वावर एक मॅडम होत्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांनी नमुन्यांचं पुस्तक मिटलं आणि सांगितलं, घरापासून कॉलेजपर्यंतचा रस्ता दहा ओळींत लिहा, भाषा कुठलीही चालेल. कागद परत आले तेव्हा त्यांवर गुण नव्हते. समासात प्रश्न होते. 'सकाळी लवकर' म्हणजे किती वाजता? 'गावातले लोक' म्हणजे कोण? वरूडी फाट्याकडच्या एका मित्राने दुधाच्या टेम्पोत बसून येण्याबद्दल लिहिलं होतं. त्याला विचारलं होतं, थंडीत कॅनला हात लावल्यावर कसं वाटतं? पुढच्या तासाला तो पठ्ठ्या चार पानं लिहून घेऊन आला. सत्र संपलं, मॅडमची नेमणूक संपली. पुढच्या सत्रात पंख्याची तक्रार परत आली.

पुढे नोकरीला लागल्यावर मला कळलं की त्या समासातल्या प्रश्नांना आमच्या धंद्यात नाव आहे. कोणीही लिहिलेला कोड थेट वापरात जात नाही. आधी दुसरा सहकारी तो ओळीने वाचतो, कडेला प्रश्न टाकतो, उत्तर मिळाल्याशिवाय पुढे सोडत नाही. यालाच कोड रिव्ह्यू म्हणतात. नवा इंजिनिअर खरं तर त्यातच घडतो. मग माझ्या मनात एक प्रश्न राहून गेला. लिहायला शिकणाऱ्या पोराला असं वाचणारं कोणी आपल्या भागात आधी होतं का? शोधायला लागलो आणि उत्तर त्याच शहरात, एका टापूत सापडलं. मात्र त्याची सुरुवात थोडी लांबून करावी लागेल.

मराठीतला 'निबंध' हा मुळात वर्गातला प्रकार आहे. मेजर थॉमस कँडी हे मोल्सवर्थच्या कोशाचे एक सहकारी. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख त्यांच्याकडे होती आणि शाळेची मराठी पुस्तकं त्यांच्या नजरेखालून जात. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह ही आज आपल्या हाताला सवयीची झालेली चिन्हं मराठीत रुजली त्यात त्यांच्या १८५० च्या 'विरामचिन्हांची परिभाषा' या पुस्तिकेचा मोठा वाटा. या सरकारी छापाच्या मराठीवर पुढे १८७४ पासून निबंधमालेतून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी कोरडे ओढले. सुबक, शुद्ध, पण कोणाच्या तोंडची नाही अशी भाषा मुलांच्या माथी मारली जाते ही तक्रार तेव्हाची आहे.

त्याच काळात मुंबईत वेगळंही घडलं. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या पाठिंब्याने 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. तिची मराठी शाखा म्हणजे 'उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा', दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष. विद्यार्थ्यांनी निबंध लिहायचा, सगळ्यांसमोर वाचायचा, इतरांनी त्यावर बोलायचं, अशी रीत. स्त्रीशिक्षणावर बोलणं झालं आणि मुलं तिथेच थांबली नाहीत. १८४९ मध्ये या सोसायटीने मुलींच्या शाळा सुरू केल्या. तरुण दादाभाई नौरोजी या मंडळींत होते. निबंध तपासून गुण देणारा परीक्षक असता तर गोष्ट वहीतच संपली असती. ऐकणारी माणसं समोर होती म्हणून पुढचा प्रश्न अटळ झाला: मग आता करायचं काय?

हे सगळं इंग्रजी मुलखातलं. आमच्याकडे निजाम होता. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याचं माध्यम ठरलं उर्दू. देशी भाषेत विज्ञान-कायदा शिकवण्याचा तो धाडसी प्रयोग होता, त्यासाठी भाषांतराचं मोठं खातं उभं राहिलं. पण बदनापूर-जालन्याच्या पोराच्या बाजूने पाहिलं तर घरात मराठी, हिशेबाच्या जुन्या कागदात मोडी आणि शिकून मोठं व्हायचं तर उर्दू, अशी ती तीन मजली इमारत होती. २०२३ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या आंतरवाली सराटीतून आरक्षणाचं आंदोलन पेटलं, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि कचेऱ्यांमध्ये मोडी-उर्दू वाचणाऱ्यांची एकदम शोधाशोध झाली. आपल्याच आजे-पणज्यांबद्दल लिहिलेलं आपल्याला वाचता येत नाही, हा अनुभव त्या वेळी हजारो घरांनी घेतला.

याच निजामी औरंगाबादेत एक शिक्षक-संपादक होता. मौलवी अब्दुल हक, पुढे ज्यांना 'बाबा-ए-उर्दू' म्हटलं गेलं. ते इथल्या उस्मानिया कॉलेजचे प्राचार्य होते. 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू' या संस्थेचा कारभार त्यांनी औरंगाबादला आणला आणि १९२१ पासून 'उर्दू' नावाचं त्रैमासिक इथून काढलं. दिल्ली-लखनौला जे घडावं अशी अपेक्षा, ते काही वर्षं आमच्या मराठवाड्यात घडत होतं.

अब्दुल हकांच्या 'चंद हमअसर' या व्यक्तिचित्रांच्या पुस्तकात हाली, मोहसिन-उल-मुल्क अशा बड्या मंडळींच्या पंगतीत एक नाव आहे, नामदेव माळी. बीबी-का-मकबऱ्याच्या बागेत काम करणारा, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीतला हा माणूस. अब्दुल हकांचं घर बागेच्या आवारातच होतं, त्यामुळे ते त्याला रोज पाहत. नामदेवला मूलबाळ नव्हतं, झाडांनाच तो लेकरं मानायचा. दुष्काळाच्या वर्षी पाणी लांबून वाहून आणून त्याने रोपं जगवली. मधमाश्यांच्या हल्ल्यात काम करता करताच तो गेला. मोठेपणा जातीवर नसतो, हे त्या लेखाचं सार. उर्दू शाळांच्या क्रमिक पुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या मुलांनी तो वाचला. औरंगाबादच्या एका दलित माळ्याची गोष्ट सीमेच्या दोन्ही बाजूंची मुलं वाचतात आणि मराठवाड्यातल्या आम्हा मराठी मुलांना तिचा पत्ताही नसतो.

लेख प्रेमाने लिहिलेला आहे, यात शंका नाही. पण त्यात नामदेव दिसतो तो प्राचार्यांच्या नजरेतून. दुष्काळात पाणी वाहताना त्याच्या मनात काय होतं, विहिरीवर त्याला कोणी अडवलं होतं का, साहेब आपल्याला खिडकीतून पाहतात याचं त्याला काय वाटायचं, हे फक्त तोच लिहू शकला असता. ते लिहिण्याची सोय त्याच्यासाठी कोणी केलेली नव्हती.

ती सोय त्याच शहरात, मकबऱ्यापासून फार लांब नाही अशा जागी झाली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली. १९५० च्या जूनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. पुढे त्याला 'मिलिंद' हे नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात मिलिंद नावाचा ग्रीक राजा भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारतो. म्हणजे महाविद्यालयाला नाव विचारणाऱ्याचं दिलं, उत्तर देणारा परिसर झाला. त्या संवादाची सुरुवातही साधी आहे. राजा आधी नाव विचारतो, आणि नाव म्हणजे नेमकं कोण, यावरून पुढची सगळी चर्चा पेटते.

पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस स्वतः लिहिणारे होते. त्यांनी अस्पृश्यतेच्या इतिहासावर 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं, आणि महाविद्यालयात बाबासाहेबांसमोर त्याचा प्रयोग झाला. खेड्यापाड्यांतून, बोर्डिंगांतून आलेली, घरातली पहिलीच शिकणारी मुलं इथे वर्गात बसत होती. त्यानंतर आले म. ना. वानखेडे. इंग्रजीचे प्राध्यापक, अमेरिकेत शिकून आलेले. तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांनी स्वतःच्या जगण्याला साहित्य कसं केलं, हे त्यांनी इथल्या मुलांना सांगितलं. आणि मराठी शिकवायला होते गंगाधर पानतावणे, नागपूरहून आलेले. १९६७ मध्ये या मंडळींच्या भोवती 'अस्मिता' हे नियतकालिक निघालं. तेच पुढे 'अस्मितादर्श' झालं, आणि जवळजवळ पाच दशकं, २०१८ मध्ये जाईपर्यंत, पानतावणे सरांनी ते सांभाळलं.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी, की शिकवणारा आणि छापणारा एकच होता. वर्गात जो मुलगा पहिल्यांदा स्वतःबद्दल चार ओळी लिहितो, त्याच्यासाठी त्या ओळी छापण्याची जागा पन्नास पावलांवर होती. शिवाय 'अस्मितादर्श'ने लेखक-वाचकांचे मेळावे भरवले. लिहिणाऱ्याला वाचणाऱ्यांसमोर उभं राहावं लागे. १८४८ च्या मुंबईतल्या सभेची ही मराठवाडी आवृत्तीच म्हणायची, फरक एवढाच की इथली मुलं दुसऱ्यांच्या उद्धारावर निबंध वाचत नव्हती, स्वतःचं लिहीत होती.

स्वतःचं लिहायचं म्हटलं की भाषेचा प्रश्न येतोच. आमच्या तालुक्यात एकाच टपरीवर एक जण 'काय करायलास' म्हणतो आणि दुसरा 'काय करू राहिला'. शाळेत दोन्ही चूक. नागसेनवनातच शिकून पुढे तिथेच इंग्रजी शिकवणाऱ्या प्र. ई. सोनकांबळ्यांचं 'आठवणींचे पक्षी' १९७९ मध्ये आलं, ते उदगीरकडच्या बोलीची लय घेऊन. इंग्रजीचा प्राध्यापक स्वतःचं बालपण गावच्या भाषेत लिहितो, याने पुढच्या किती पोरांची भीड मोडली असेल याचा हिशेब लागणार नाही. कँडींच्या काळापासून चालत आलेल्या 'शुद्ध लिहा' या आज्ञेला मिळालेलं ते उत्तर होतं.

हे सगळं गोडीगुलाबीने झालं असं मात्र नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, माणसं मारली गेली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. नागसेनवनाच्या शेजारच्या एका कमानीवर चार शब्द लिहायला साडेपंधरा वर्षं लागली. कोणी काय लिहायचं, कोणाचं नाव कुठे लिहायचं, ही आमच्या भागात कधीच नुसती अभ्यासक्रमाची बाब नव्हती. त्या वर्षांत एखादा मुलगा जेव्हा गावाचं नाव घालून स्वतःची हकिकत छापायला देत होता, तेव्हा सुट्टीत त्याला त्याच गावी परत जायचं होतं.

हा इतिहास वाचल्यावर कॉलेजातल्या लेखनाच्या पहिल्या विषयाकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो. नमुन्यातला अर्ज आता यंत्र दोन सेकंदांत लिहून देतं. अशीच यंत्रं बनवणाऱ्या धंद्यात मी आहे, म्हणून खात्रीने सांगतो: पंख्याची तक्रार कोणाही विद्यार्थ्यापेक्षा ते चांगली लिहितं. त्यामुळे त्या विषयात शिकवण्यासारखं उरलं ते एवढंच, की मुलाला त्याच्याबद्दल खरा प्रश्न विचारायचा, उत्तर नीट वाचायचं, आणि ते आणखी चार माणसांपर्यंत पोहोचवायचं. यासाठी हेडफोन लावलेली भाषा-प्रयोगशाळा लागत नाही. टिकून राहणारा शिक्षक मात्र लागतो. दर सत्राला ज्याची नेमणूक संपते, त्याच्याकडून पन्नास वर्षं चालणारं त्रैमासिक कसं निघेल?

नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून पदवीला भाषेच्या श्रेयांकांची चर्चा आहे. ती चर्चा पुन्हा नमुन्यांच्या पुस्तकावर येऊन थांबू नये असं वाटत असेल, तर अगदी स्वस्तातला एक उपाय प्रत्येक महाविद्यालयात पडून आहे. त्याला वार्षिकांक म्हणतात. प्राचार्यांचं मनोगत, गुणवंतांचे फोटो आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या कविता काढून टाकल्या, तर त्यात पहिल्या वर्षाच्या साठ पोरांच्या साठ गावांना जागा होते. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात निघालेलं तुरीचं वाण महाराष्ट्राच्या शेतांत पोहोचलं आहे. त्या केंद्राच्या तारेपलीकडे मजुरीला जाणाऱ्या बाईचा मुलगा किंवा मुलगी आज कुठल्या तरी कॉलेजात पहिल्या बाकावर नाही तर शेवटच्या बाकावर बसलेली असेल. तिला आईच्या दिवसाबद्दल विचारणारं, आणि 'सकाळी लवकर' म्हणजे किती वाजता हे समासात लिहिणारं कोणीतरी हवं.