दुसरी हार्ड डिस्क आणि दुसरं घर

परवा माळा आवरायला घेतला आणि आमचा जुना कॉम्प्युटर हाती लागला. 2001 साली जळगावात घेतलेला. एकेकाळी पांढरा होता, आता चहा सांडल्यासारखा पिवळा पडलाय. भंगारवाल्याला द्यायच्या आधी सवयीने बाजूचा पत्रा उघडला. आत बोटभर धूळ, कोळ्यांची जाळी, आणि एकाखाली एक बसवलेल्या दोन हार्ड डिस्क. वरची 40 जीबी, खालची 80.

लेकाने विचारलं, "बाबा, दोन कशाला?"

"मोठी गोष्ट आहे रे," म्हणून मी वेळ मारून नेली. मग वाटलं, मोठी आहे तर लिहूनच काढावी. आपल्या घरच्यांपैकी बऱ्याच जणांना ती अर्धीच माहीत आहे, आणि जी अर्धी माहीत नाही त्यात चूक माझी आहे.

तर झालं असं. आमची आजी धुळ्याजवळच्या खेड्यातली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, हे खानदेशातल्या मंडळींना सांगायला नको. रोट, पुरणपोळी, आणि रात्रभर गाणी. आजीला शाळा कधी दिसली नाही, पण अहिराणी गाणी इतकी पाठ की रात्र संपायची, गाणी संपायची नाहीत. 2004 च्या श्रावणात मी टेपरेकॉर्डर घेऊन तिच्याजवळ बसलो. नव्वद मिनिटांच्या चार कॅसेट भरल्या. मागे फिरवून तिला ऐकवलं तेव्हा तिने तोंडावर पदर घेतला आणि म्हणाली, "मना आवाज त्या डबामा गया का रे?"

गया आजी, म्हटलं. आता तो कुठे जात नाही.

जळगावला आल्यावर वायर लावून सगळं कॉम्प्युटरमध्ये घेतलं. तेव्हा एमपीथ्री करायला मन होईना, आवाजाची प्रत उतरते म्हणायचे. वेव्ह फाइलमध्ये ठेवलं. मिनिटाला साधारण दहा एमबी, म्हणजे सहा तासांचे साडेतीन जीबी. वर लग्नाचे फोटो, सिनेमे, गाणी. 2006 चा उन्हाळा येईपर्यंत 40 जीबीचा गळा दाटला आणि विंडोज रोज 'जागा कमी आहे' म्हणून टाहो फोडायला लागलं. मग एका दुपारी गोलाणी मार्केटमध्ये जाऊन 80 जीबीची डिस्क आणली. बसवणार मात्र मीच, असं घरी जाहीर केलं!

आजच्या पोरांना ती मजा कळणार नाही. तेव्हाच्या डिस्क आयडीई जातीच्या. चाळीस छिद्रांची चपटी राखाडी पट्टी, तिच्या एका कडेला लाल रेघ. ती रेघ डिस्कच्या एक नंबरच्या पिनकडे यायला हवी. एका पट्टीवर दोन डिस्क लागत, पण दोघींनी एकाच वेळी बोलायचं नाही, म्हणून एकीला 'मास्टर' आणि दुसरीला 'स्लेव्ह' ठरवायचं. (ही नावं आता उच्चारतानाही कसंतरी होतं.) ते ठरवायचं जंपरने, म्हणजे डाळीच्या दाण्याएवढ्या काळ्या टोपीने. कोणत्या दोन पिनांवर ती घालायची याचं चित्र डिस्कच्या पाठीवर छापलेलं असे. माझ्या हातून ती टोपी सटकली आणि फरशीवर कुठे गेली, ते शोधण्यात अर्धा तास गेला. सापडली तेव्हा वीज गेली. ते लोडशेडिंगचे दिवस. मे महिन्याचा जळगावचा उन्हाळा, पंखा बंद, आणि मी बनियनवर मेणबत्तीच्या उजेडात मदरबोर्डसमोर बसलेला.

वीज आल्यावर डिलीट बटण दाबत बायॉसमध्ये शिरलो. 'प्रायमरी स्लेव्ह' या ओळीसमोर नव्या डिस्कचं नाव उमटलं, तेव्हा मी बायकोला हाक मारली. "दिसली!" ती म्हणाली, "कोण?" मग विंडोजमध्ये पार्टिशन केलं, फॉरमॅट केलं. 80 च्या जागी 74.5 जीबीच दिसल्यावर आधी फसवल्यासारखं वाटलं. कारखानदार हजाराने मोजतो आणि विंडोज 1024 ने, हे नंतर कळलं. आपल्याकडचा कच्चा शेर, पक्का शेर तो हाच.

या डिस्कचा खानदानी इतिहास पाहिला तर थक्क व्हायला होतं. पहिली हार्ड डिस्क आयबीएमने 1956 मध्ये आणली, रॅमॅक नावाच्या यंत्रासोबत. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, टनाच्या वर वजन, आणि एवढं करून मावणार पन्नास लाख अक्षरं. माझ्या हिशेबात आजीच्या गाण्याचं अर्धं मिनिटही नाही! 1980 मध्ये सीगेटने सव्वापाच इंची डिस्क काढली, तीसुद्धा पाच एमबीची. पुढच्या पंचवीस वर्षांत तेच दुकानाच्या पिशवीतून स्कूटरला अडकवून आणता यावं इतकं झालं. पण मूळ युक्ती बदलली नाही. तबकडी गरगर फिरते (माझी मिनिटाला 7200 वेळा फिरायची) आणि तिच्यावर केसाच्या जाडीच्याही कितीतरी कमी अंतरावर वाचणारं डोकं तरंगतं. ते डोकं तबकडीला टेकलं की संपलं. 1956 मध्येही आणि 2006 मध्येही.

हे जगाला ठाऊक होतं. 1988 मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी रेडवरचा निबंध वाचला. एका महागड्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्क जोडा, आणि थोडी माहिती जास्तीची ठेवा, म्हणजे एक मेली तरी काम अडत नाही. म्हणजे दुसरी डिस्क दोन कारणांनी लावता येते. एक जागा वाढवायला, दुसरं प्रत ठेवायला. दिसायला दोन्ही सारखंच. तीच पट्टी, तोच जंपर.

मी जागा वाढवायला लावली होती. इथे माझी चूक येते.

आजीची गाणी मी नव्या डिस्कवर टाकली, ती कॉपी करून नाही, कट करून. जुनीवरची जागा मोकळी करायची होती ना! नवी डिस्क म्हणजे जास्त भरवशाची, असाही एक भाबडा समज. जुनीवर लगोलग सिनेमे भरले. चार कॅसेट होत्या, पण 'कॉम्प्युटरमध्ये आहेच की' म्हणून त्यांच्यावर मी केव्हाच किशोरकुमार भरला होता. पेटीत डिस्क दोन, आणि प्रत एकच.

2007 मध्ये आजी गेली. 2008 च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी कॉम्प्युटरमधून टक्-टक् असा आवाज यायला लागला. गेली ती नवी. जुनी 40 जीबी ठणठणीत. ओळखीच्या माणसाने डिस्क मुंबईला पाठवून पाहिली. तबकडीवरच ओरखडा, काही निघणार नाही, असं उत्तर आलं. मी घरी सांगितलं, "डिस्क खराब झाली." त्यात आजी होती, हे सांगायला मला सहा महिने लागले.

सांगितलं ते धुळ्याच्या आत्याला, फोनवर. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, मला तू एक कॅसेट करून दिली होतीस ना?"

मी साफ विसरलो होतो. 2004 मध्येच तिने हट्ट धरला होता, मला पण पाहिजे म्हणून. मी कुरकुरत डबल डेकवर एक कॅसेट उतरवून दिली होती. पुढच्या रविवारी पहाटेची एसटी पकडली. एरंडोल, पारोळा, धुळे. नव्वद-एक किलोमीटर, पण ते अंतर त्या दिवशी संपता संपेना.

धुळ्याला पोचलो तर आत्या देवळात गेलेली. वेळ काढायचा म्हणून फिरत राजवाडे संशोधन मंडळापर्यंत गेलो. शाळेत असताना सहलीला आलो होतो तेव्हा जुन्या कागदांपलीकडे काही समजलं नव्हतं. त्या दिवशी मात्र समजलं.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाचे कागद गोळा करत गावोगाव फिरलेला माणूस. वाड्यांच्या माळ्यांवर, तळघरांत, वाळवी आणि उंदरांच्या तावडीत पडलेली दप्तरं त्यांनी पाहिली, मागितली, उतरवून घेतली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 मध्ये निघाला. त्यात पानिपतापर्यंतची, 1750 ते 1761 या काळातली पत्रं आहेत. असे एकूण 22 खंड. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं करण्यातही तेच पुढे. शेवटी धुळ्यात राहिले आणि 31 डिसेंबर 1926 ला तिथेच गेले. 1927 मध्ये त्यांच्या नावाने हे मंडळ निघालं, त्यांचे कागद सांभाळायला.

तिथे उभा राहून माझ्या मनात आलं, राजवाड्यांना मुळात काही सापडलं ते का? तर पत्र ही वस्तूच अशी की ती लिहिणाऱ्याच्या घरात राहत नाही. ती दुसऱ्याच्या घरी जाते. एकाचा वाडा जळला, एकाच्या कागदाला वाळवी लागली, तरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या माळ्यावर काहीतरी उरतं. आणि राजवाड्यांनी सापडलेलं कपाटात कुलूप लावून ठेवलं नाही, छापलं. छापणं म्हणजे एकदम शेकडो घरांत प्रत पाठवणं.

धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांमधली बाडं जमवली, ती तिथे आहेत. समर्थांच्या हातचं म्हणून सांगितलं जाणारं वाल्मीकी रामायणही तिथेच. देवांनी 1905 मध्ये दासबोध छापला तो डोमगावच्या मठातल्या, कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून. डोमगाव कुठे, तर तिकडे परांड्याजवळ, सीनेच्या काठी. मठामठांतून नकलून घेण्याची रीत होती म्हणून हे टिकलं. नकलेत चुका शिरतात हेही त्यांना ठाऊक होतं. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती अनेक प्रती ताडून. एकच प्रत असती तर ताडणार कशाशी?

आणि आपल्या जळगावचंच बघा. बहिणाबाई आसोद्याची लेक, जळगावची सून. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर बसून जे सुचलं ते गायलं. मुलगा सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी काही कागदावर उतरवून घेतलं. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई गेल्या. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' पुस्तक होऊन आलं. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण जेवढं वहीत उतरलं तेवढंच उरलं. जे तेव्हा कुणी लिहून घेतलं नाही, ते जात्यावरच राहिलं. त्यांची पहिली प्रत त्यांच्या डोक्यात होती, आणि त्या डिस्कला दुसरी नव्हती.

असो. आत्या आली. कपाटातून, शालूच्या घडीखालून, तिने कॅसेट काढली. तिच्या जुन्या टेपवर लावली. पट्टी ताणली गेली होती, आवाज जरा भरडा येत होता. अकरा गाणी. एका गाण्यात मध्येच आजी थांबून कुणाला तरी म्हणते, "चुल्हावर दूध शे, देख." आम्ही दोघंही काही बोललो नाही. सहा तासांतला पाऊण तास तेवढा उरला, आणि तो मी केलेल्या कुठल्याही शहाणपणामुळे नाही. आत्याने मागितला म्हणून.

आता त्या अकरा गाण्यांच्या तीन प्रती आहेत. एक माझ्याकडे, एक आत्याच्या घरी, एक पुण्याच्या भावाकडे. दर कानबाईला मी धुळ्याला जातो तेव्हा जुनी डिस्क घेऊन येतो, नवी ठेवून येतो, आणि ठेवायच्या आधी एकदा वाजवून बघतो. आता पट्टी नाही, जंपर नाही. बोटभर लांबीच्या वस्तूत सगळं मावतं, फिरणारी तबकडीही नाही. तरी पण मरायचं ते मरतंच.

लेकाला हे सगळं सांगून झालं. तो त्या दोन डिस्ककडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा, खालची एकदा लावून बघू या का?"

मला माहीत आहे काय होणार ते. टक्-टक् होईल. पण कॉम्प्युटर अजून भंगारात दिलेला नाही.