विटांचे घर, लाकडाचे घर

ब्युनॉस आयर्स शहरात रेतिरो नावाचे मोठे रेल्वे आणि बस स्थानक आहे. असुन्सिओनहून निघालेल्या बसगाड्या जवळजवळ एका दिवस-रात्रीचा प्रवास करून इथे थांबतात. बोलिव्हियाच्या सरहद्दीवरून येणाऱ्या गाड्याही इथेच येतात. स्थानकाला लागूनच 'विया ३१' ही वस्ती आहे. रेल्वेच्या जमिनीवर विटांच्या खोल्यांवर खोल्या चढवत ती वाढली. पॅराग्वे, बोलिव्हिया आणि पेरूहून आलेली माणसे तिथे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतात. अशा शेजारात एक प्रश्न हमखास निघतो आणि अर्थशास्त्राच्या अहवालांतही तो वेगळ्या शब्दांत येतो. यांच्यापैकी बरे कोणाचे चालले आहे?

प्रश्न साधा वाटतो. दर घराची महिन्याची मिळकत मोजावी, सरासरी काढावी आणि क्रम लावावा. पण या माणसांचा इतिहास पाहू लागलो की मोजपट्टीच हातातून निसटते. कोणाची मिळकत भाजीबाजाराच्या गाळ्यात असते, कोणाची नदीपलीकडच्या गावातल्या आईच्या हातात. ती कुठे शोधायची हेच आधी ठरवावे लागते.

अर्जेंटिना स्वतःला स्थलांतरितांचा देश म्हणवतो, पण त्याच्या मनातले स्थलांतरित वेगळे होते. १८५३ च्या राज्यघटनेचे २५ वे कलम युरोपातून येणाऱ्यांना उत्तेजन द्यावे असे सांगते. ते कलम आजही घटनेत आहे. १९१४ च्या जनगणनेत देशातले जवळजवळ तीस टक्के लोक परदेशात जन्मलेले होते. त्यांत मोठा भरणा इटली आणि स्पेनमधून आलेल्यांचा होता. शेजारी देशांतून आलेले लोकही तेव्हा होतेच. एकूण लोकसंख्येतला त्यांचा वाटा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजवर साधारण दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच राहिला आहे. युरोपातला ओघ आटला, जुनी पिढी संपत गेली, आणि मग हे शेजारी 'दिसू' लागले. २०१० च्या गणनेत परदेशी जन्माचे अठरा लाख लोक होते, त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक शेजारी देशांतले आणि पेरूतले. पॅराग्वेचे सर्वांत जास्त, साडेपाच लाख. त्यांच्याखालोखाल बोलिव्हियाचे सुमारे साडेतीन लाख.

पॅराग्वेच्या माणसाने घर का सोडले याचे उत्तर एका युद्धापर्यंत मागे जाते. १८६४ ते १८७० या काळात ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे यांनी मिळून पॅराग्वेशी युद्ध केले. किती माणसे मेली यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. पण देशातल्या पुरुषांची एक पिढी जवळजवळ पुसली गेली यावर नाही. रिकाम्या तिजोरीने मग जमीन विकायला काढली. १८८३ आणि १८८५ च्या कायद्यांनी सरकारी रान आणि मातेची झाडी मोठ्या कंपन्यांच्या हाती गेली. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्याजवळ तिचा कागद नव्हता. तो आपल्याच गावात उपरा ठरला. माते म्हणजे तिकडचा चहा. त्याच्या पानांच्या भाऱ्यांखाली वाकलेल्या आणि आगाऊ रकमेच्या कर्जात अडकलेल्या मजुरांची हकिगत राफाएल बारेत या स्पॅनिश लेखकाने १९०८ मध्ये लिहिली. पाराना नदीच्या दोन्ही काठांवर ही मजुरी चाले. अर्जेंटिनाची वाट लोकांना तेव्हापासूनच ठाऊक झाली.

१९४७ च्या यादवीने त्या वाटेवर गर्दी केली. हरलेल्या पक्षाचे शेतकरी, सैनिक, शिक्षक नदी ओलांडून गेले. त्यांतच तरुण आउगुस्तो रोआ बास्तोस होते. पॅराग्वेच्या या सर्वांत मोठ्या कादंबरीकाराची सर्वांत मोठी पुस्तके ब्युनॉस आयर्समध्ये लिहिली गेली. 'ग्वारानिया' हा संगीतप्रकार घडवणारे होसे आसुन्सिओन फ्लोरेसही याच शहरात राहिले आणि १९७२ मध्ये इथेच वारले. १९५४ ते १९८९ या स्ट्रोएस्नरच्या पस्तीस वर्षांत परतीचे दार बंदच होते. अर्जेंटिनातल्या पॅराग्वेकरांची संख्या १९४७ मध्ये लाखाच्या आत होती. १९७० मध्ये ती दोन लाखांवर गेली होती.

ही माणसे शहरात पोहोचली तेव्हा शहर वर चढत होते. पुरुषांना बांधकामावर काम मिळाले, बायकांना धुणीभांडी, स्वयंपाक आणि मुले सांभाळण्याचे. आजही पॅराग्वेचा पुरुष म्हटले की गवंडी आणि बाई म्हटली की घरकामवाली, असेच शहर समजते. काम लावून देणारा बहुधा मेव्हणा, चुलतभाऊ किंवा गावचा कोणी असतो. टोळीची भाषा ग्वारानी. मुकादमही तीच बोलतो. या दोन्ही धंद्यांत रोख पैसा लवकर हाती येतो, आणि पॅराग्वेच्या स्थलांतरिताचे पहिले वर्ष इतरांच्या मानाने बरे जाते ते यामुळे. पण पुढे चढायला पायऱ्या कमी. इमारत पुरी झाली की काम संपते. घरकामाला तर १९५६ चा एक जुना हुकूमनामाच लागू होता. त्याचे संरक्षण मिळायचे ते एकाच मालकाकडे आठवड्यातून चार दिवस, रोज किमान चार तास राबणारीला. बाळंतपणाची रजा त्यात नव्हती. ती मिळायला २०१३ चा कायदा यावा लागला.

बोलिव्हियाच्या लोकांची वाट दुसरी. ते आधी उत्तरेच्या हुहुय आणि साल्ता प्रांतांत उसाच्या तोडणीला येत, मग तंबाखूला, मग मेंदोसाच्या द्राक्षांना. हंगाम संपला की परत. १९७० नंतर त्यांतले काही ब्युनॉस आयर्सभोवतीच्या भाजीच्या मळ्यांत पोहोचले. ते मळे इटालियन, पोर्तुगीज आणि जपानी कुटुंबांचे होते, आणि त्यांची शिकलेली मुले मातीत हात घालायला तयार नव्हती. मालकाला माणूस हवा होता आणि पोतोसीच्या माळावरून आलेल्या कुटुंबाला शेती येत होती. पुढे जे घडले त्याला रोबेर्तो बेनेन्सिया या समाजशास्त्रज्ञाने 'बोलिव्हियन शिडी' हे नाव दिले. आधी मजूर, मग वाटेकरी, मग खंडाने जमीन घेणारा, आणि क्वचित कोणी मालक. शिडीची खरी पायरी मात्र शेतात नव्हती, बाजारात होती. भाजीचा भाव पिकवणारा ठरवत नाही, गाळेवाला ठरवतो. हे ओळखून एस्कोबार गावातल्या बोलिव्हियन मळेकऱ्यांनी १९९० च्या सुमारास संस्था काढली आणि स्वतःचा घाऊक बाजार उभा केला. आज राजधानीच्या ताटातली पालेभाजी मोठ्या प्रमाणात त्यांच्या हातून जाते.

इथवर वाचणारा म्हणेल, निकाल लागला. बोलिव्हियाचे लोक शिडी चढले, पॅराग्वेचे परातीपाशीच राहिले. पण दोघांची घरे पाहावीत.

गवंडी दिवसा दुसऱ्यांचे मजले बांधतो आणि रविवारी मेव्हण्यांना घेऊन स्वतःचे घर. वीट आणि सिमेंट त्याला कळते. पाच-दहा वर्षांत वस्तीत त्याचे दोन मजली पक्के घर होते आणि वरची खोली तो नव्या आलेल्याला भाड्याने देतो. जमिनीचा कागद नसतो, घर मात्र असते. मळेकऱ्याचे उलट. त्याच्याजवळ मालमोटार असेल, प्लास्टिकची हरितगृहे असतील, बाजारात गाळा असेल. पण जमीन खंडाची आणि करार दोन-तीन वर्षांचा. पक्के घर बांधले तर ते मालकाचे होणार. म्हणून तो लाकडी फळ्या आणि प्लास्टिकच्या खोपटात राहतो. करार संपला की फळ्या उचलून पुढे जातो. घराच्या स्थितीवरून गरिबी मोजणाऱ्या पाहणीत हा मळेकरी तळाला जाईल. मिळकतीवरून मोजले तर तो गवंड्याच्या वर येईल. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर, आणि दोन्ही अपुरी.

शिडीची किंमतही विचारली पाहिजे. वाटेकऱ्याचा हिस्सा हा एका माणसाचा पगार नसतो. त्यात बायकोचे पहाटेपासूनचे श्रम असतात, शाळेतून आलेल्या मुलांचे असतात. ते कोणाच्याच नावावर लिहिले जात नाहीत. शिवणकामाच्या कारखान्यांत हाच हिशोब अधिक क्रूर झाला. ३० मार्च २००६ रोजी ब्युनॉस आयर्सच्या लुइस व्हियाले रस्त्यावरच्या एका शिवणकारखान्याला आग लागली. कामगार आपल्या मुलाबाळांसह तिथेच राहत होते. सहा बोलिव्हियन मेले, त्यांत बहुतेक मुले. शिलाईयंत्र आणि अंथरूण एकाच छताखाली असले की घरभाडे वाचते आणि ते मिळकतीत धरले जाते. मिळकतीचा तो आकडा वाचताना ही आग विसरता येत नाही.

पेरूचे लोक उशिरा आले. १९९१ मध्ये ते सोळा हजार होते, २००१ मध्ये अठ्ठ्याऐंशी हजार. त्यांत बायका अधिक, शहरात वाढलेल्या आणि पुष्कळदा इतर शेजाऱ्यांपेक्षा जास्त शिकलेल्या. पण लिमातल्या प्रमाणपत्राची इथे किंमत नव्हती. शिक्षिका आजारी म्हाताऱ्यांची शुश्रूषा करू लागल्या. शिक्षण हा कल्याणाचा निर्देशांक मानला तर या बायका वर दिसतात. त्या शिक्षणाचा मोबदला पाहिला तर खाली. उरुग्वेच्या माणसाला मात्र भाषा, वर्ण, शाळा यांतले काहीच आडवे आले नाही. गर्दीत तो ओळखू येत नाही आणि त्याची मिळकतही स्थानिकांच्या जवळ जाते. चिलीचे लोक तर पातागोनियात इतके जुने आहेत की अनेक घरांत परका कोण आणि गावचा कोण हे सांगणे कठीण.

पेरूच्या बायका याच दशकात का आल्या? १९९१ मध्ये अर्जेंटिनाने एक पेसो बरोबर एक डॉलर असा दर कायद्याने बांधला. घरकामाचा पगार कमीच होता, पण तो जणू डॉलरमध्ये मिळत होता. त्यातून वाचवलेले थोडे पैसे पॅराग्वेतल्या खेड्यात पोहोचेपर्यंत पुष्कळ होत. घरी आजी नातवंडे सांभाळी आणि मुलगी ब्युनॉस आयर्समध्ये दुसऱ्याची मुले सांभाळी. २००१ च्या डिसेंबरात बँकांतले पैसे अडकले, सरकार कोसळले आणि जानेवारी २००२ मध्ये तो दर मोडला. काही महिन्यांत पेसोची किंमत तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर आली. बाईचा पगार तोच राहिला आणि आजीच्या हातातली रक्कम मात्र विरली. बांधकामे थांबली, गवंडी घरी बसले. भाजी खाणे कोणी थांबवले नाही, त्यामुळे मळेकरी त्यातल्या त्यात तगला. अनेक बोलिव्हियन आणि पॅराग्वेच्या बायकांनी मग स्पेनची वाट धरली. एखाद्या समूहाचा कष्टाळूपणा किंवा काटकसर एका रात्रीत बदलत नाही. बदलला होता तो विनिमयाचा दर.

दुसरी गोष्ट कागदाची. १९८१ मध्ये लष्करी राजवटीने केलेला परदेशी नागरिकांचा कायदा लोकशाही आल्यानंतरही वीस वर्षे टिकला. त्याच राजवटीने त्याआधी राजधानीतल्या झोपडवस्त्या बुलडोझरने उखडल्या होत्या आणि परदेशी रहिवाशांना सरहद्दीपलीकडे धाडले होते. विया ३१ मध्ये तेव्हा मोजकीच कुटुंबे चिकटून राहिली. आजची वस्ती त्यांच्या हट्टावर उभी आहे. कागद नसलेल्याला कामावर ठेवायला बंदी होती. काम तर मिळेच, पण मालकाच्या अटींवर. २००३ च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या २५.८७१ क्रमांकाच्या कायद्याने स्थलांतर हा माणसाचा हक्क मानला आणि कागद असो वा नसो, दवाखाना आणि शाळा खुली केली. त्यापाठोपाठच्या 'पात्रिया ग्रांदे' मोहिमेत चार लाखांच्या वर लोकांनी अर्ज केले. सर्वांत मोठा वाटा पॅराग्वेकरांचा होता. मोहिमेनंतर तो बाजू बदलून मालकाशी बोलू शकला, मजुरी बुडाली तर तक्रार करू शकला. मिळकतीच्या तक्त्यात या निर्धास्तपणाला रकाना नाही.

२०२२ च्या जनगणनेत पॅराग्वेच्या लोकांची संख्या थोडी घटून सव्वापाच लाखांवर आली. २०२३ मध्ये अर्जेंटिनातली महागाई वर्षभरात दोनशे टक्क्यांच्या वर गेली. एकेकाळी ज्या पेसोसाठी नदी ओलांडली तो आता पॅराग्वेच्या ग्वारानी या चलनापुढे फिका पडला. भाषेचे आणि पैशाचे नाव एकच असलेला हा देश. १९९२ च्या घटनेने ग्वारानीला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा केले. स्थलांतरितांच्या मुलांना मात्र ती ब्युनॉस आयर्सच्या शाळेत तोंडातून निघू नये अशी धास्ती वाटे. आईला ती समजे, आजीशी बोलायला तीच लागे.

२०१० ची गणना ज्या पद्धतीने झाली तीत गणकाचा पहिला प्रश्न असा होता, काल रात्री या घरात कोण कोण होते? दाराशी उभ्या बाईने प्रामाणिक उत्तर दिले असेल. मी, नवरा, त्याचा भाऊ. असुन्सिओनजवळच्या गावात आजीकडे झोपलेली दोन मुले तिने सांगितली नसतील, कारण ते कोणी विचारले नव्हते. तिच्या मिळकतीतले निम्मे पैसे त्यांच्यासाठी जात होते. अर्जेंटिनाच्या तक्त्यात हे तीन कमावत्यांचे, मुले नसलेले, बऱ्यापैकी चाललेले घर ठरले. पॅराग्वेच्या तक्त्यात ते एका म्हातारीचे आणि दोन लेकरांचे, कमावते कोणी नसलेले घर ठरले असेल. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून वाचले तरच ते एक घर दिसते.