दिनविशेष : १७ जून – चर्कचा जलसेतू
इंग्लंड-वेल्स सीमेवर कायरिऑग नदीच्या खोऱ्यावरून कालवा नेणाऱ्या चर्क येथील दगडी जलसेतूची, म्हणजेच पाणी आणि नावा दोन्ही पेलणाऱ्या पुलाची, पायाभरणी १७ जून १७९६ रोजी झाली. तोवर कालव्याची गळती मळलेल्या चिकणमातीच्या जाड थराने रोखली जाई, पण ओली माती फुगून भिंतींना बाहेर रेटत असल्याने बांधकाम अवजड करावे लागे. सेतूचे अभियंते थॉमस टेलफर्ड यांनी मात्र तळाशी ओतीव लोखंडाचे पत्रे बोल्टने जोडून दोन्ही भिंतींत घट्ट बसवले. या सेतूचे खरे मोठेपण याच युक्तीत आहे. दहा कमानींचा, सुमारे ७० फूट उंचीचा हा सेतू १८०१ मध्ये खुला झाला. १८४८ मध्ये शेजारीच त्याहून उंच रेल्वेपूल उभा राहिला. २००९ पासून हा जलसेतू जागतिक वारसास्थळाचा भाग असून त्यावरून आजही नावा जातात.