अश्ववर्णवाचक शब्द आणि त्यांचा अर्थनिर्णय

जुन्या लष्करी कागदांत घोड्याच्या नोंदीपुढे रंगाचा शब्द आला, की वाचक बहुधा तो ओलांडून पुढे जातो. दप्तरात मात्र तो शब्द ओळखीचा पुरावा होता. तपासणीला चांगला घोडा दाखवून चाकरीवर तट्टू आणणे, किंवा एकच घोडा दोनदा मोजवणे, या लबाड्यांना आळा घालण्यासाठी अलाउद्दीन खलजीने (राज्यकाल १२९६–१३१६) डाग व हुलिया यांची पद्धत घातली. अकबराने ती १५७३–७४च्या सुमारास नव्याने अमलात आणली. शहाजहान व औरंगजेब यांच्या काळातील दक्षिणेतील ‘अर्ज-ओ-चेहरा’ कागदांत स्वाराच्या चेहऱ्याबरोबर घोड्याचेही वर्णन येते. अशा नोंदीतील शब्दाचा अर्थ चुकला तर कागदावरचा घोडाच बदलतो.

प्रस्तुत लेखकाने एकदा वर्गात ‘कुमाईत’ आणि ‘सुरंग’ या दोहोंचा अर्थ ‘तांबडा’ असा सांगितला होता. घोडी पाळणाऱ्या घरातील एका विद्यार्थ्याने तेथेच हरकत घेतली, आणि ती रास्त होती. अंग तांबूस, पण आयाळ, शेपूट व पायांचे खालचे भाग काळे, तो कुमाईत. आयाळ-शेपूटही अंगासारखीच तांबूस, तो सुरंग. अरबीतही हाच भेद ‘कुमैत’ व ‘अश्कर’ या शब्दांनी केला जातो. ‘कुमैत’ हे रूप लघुत्ववाचक का, असे सीबवैहीने आपला गुरू खलील यास विचारले असता, तो रंग काळा व तांबडा यांच्यामधला असून पुरता एकही नाही, म्हणून, असे उत्तर मिळाले. भेदाचे हे तत्त्व आधुनिक अनुवंशशास्त्रानेही पुष्ट केले आहे : काळे रंगद्रव्य निर्माण होते की नाही हे एका जनुकावर, आणि ते टोकांपुरते राहते की सर्वांगी पसरते हे दुसऱ्या जनुकावर अवलंबून असते.

आपल्याकडेही हे निरीक्षण जुने आहे. हेमचंद्राच्या ‘अभिधानचिंतामणी’त (१२वे शतक) पिंगट अंगाचा, परंतु फिकट आयाळ-शेपटीचा तो ‘वोल्लाह’. किंचित फिकट, पण काळ्या जंघांचा तो ‘उराह’. किंचित पिवळा, पण गुडघ्यांशी काळा तो ‘कुलाह’. येथे केवळ रंग नव्हे, तर अंग आणि टोके यांचा संबंध नामकरणास आधारभूत आहे. हे शब्द संस्कृत वळणाचे दिसत नाहीत; स्वतः हेमचंद्रही त्यांना देशीप्राय म्हणतो. ते परकीय की संस्कृतोद्भव, हा प्रश्न प. कृ. गोडे यांनी उपस्थित केला होता. अश्वव्यापार पश्चिमेकडून चालत होता हे ध्यानी घेता परकीय उगमाचा पक्ष बलवत्तर वाटतो. तथापि प्रत्येक शब्दाचा स्वतंत्र निर्णय झाल्याखेरीज सरसकट विधान करू नये.

नावांच्या साम्यानेही फसगत होते. हेमचंद्राचा ‘पंचभद्र’ म्हणजे छाती, पाठ, मुख व दोन्ही कुशी यांवर चिन्हे असलेला घोडा. मराठीतील ‘पंचकल्याणी’ म्हणजे चारही पाय व तोंड पांढरे असलेला. पाचाची संख्या व शुभत्वाची कल्पना समान, पण जागा निराळ्या. त्याचप्रमाणे ‘सब्जा’ म्हणजे हिरवा घोडा नव्हे, करडा. आणि ‘नुकरा’ या शब्दाचा मूळ अर्थ रुपे असा आहे.

या शेवटच्या दोन शब्दांत इतिहासकाराला एक विशेष धोका आहे. करडा घोडा जन्मतः गडद असतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. हा बदल एका जनुकीय द्विरुक्तीमुळे होतो, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविले गेले. म्हणजे एकच घोडा एका तपासणीत करडा व काही वर्षांनी पांढरा लिहिला जाणे संभवते. अशा दोन नोंदींवरून लबाडी झाली असा निष्कर्ष काढणे म्हणजे स्वारावर मरणोत्तर आळ घेणे होय. निदान डाग व अंगावरील इतर खुणा ताडून पाहिल्याविना तो काढू नये. जाणकार मात्र कातडी पाहतो : वयाने पांढऱ्या झालेल्या घोड्याची कातडी काळसर राहते, नुकऱ्याची गुलाबी असते.

हे ज्ञान अद्याप जिवंत आहे. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत भरणाऱ्या घोडेबाजारात यांतील काही शब्द आजही रोजच्या व्यवहाराचे आहेत. दप्तराच्या अभ्यासकाने कोश उघडण्यापूर्वी एकदा तेथे जाऊन यावे.