उस्मानिया : कोणाच्या भाषेत?

नारपोलीत आम्ही उर्दू माध्यमात शिकवतो. दहावीनंतर आमची मुले थेट इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसतात आणि बोलकी मुलेही गप्प होतात. म्हणून विद्यार्थिकेंद्री उच्च शिक्षणाची चर्चा निघाली की आम्हांला हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ आठवते. १९१८ साली ते निघाले. वैद्यक, इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून! पाठ्यपुस्तकांसाठी १९१७ मध्येच दारुल तर्जुमा स्थापन झाले होते. अभिमान वाटावा असेच हे काम. पण निजामाच्या रियासतीत बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी, कन्नड. औरंगाबाद-परभणीच्या मराठी मुलाला उर्दू तितकीच परकी, जितकी आमच्या मुलांना इंग्रजी. त्याच सुमारास, १९१६ मध्ये, कर्व्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ काढले, ते मातृभाषेतून. उस्मानियात १९४८ नंतर इंग्रजी आली. मराठी मुलाला तेव्हाही कोणी विचारले नाही.